'चेकआउट' : एका आज्ञेचा अर्थप्रवास

शब्द टिकतो आणि त्यामागचा व्यवहार मात्र पालटतो, अशी उदाहरणे भाषेच्या इतिहासात पुष्कळ सापडतात. संगणकाला द्यावयाच्या आज्ञाही याला अपवाद नाहीत. प्रोग्राम लिहिणारे आपल्या लेखनाची प्रत्येक आवृत्ती जतन करतात आणि चूक नेमकी केव्हा शिरली हे शोधण्यासाठी जुनी आवृत्ती पुन्हा बाहेर काढतात. या क्रियेला मिळालेले 'चेकआउट' हे नाव आम्हांस अभ्यसनीय वाटते.

१९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी 'एससीसीएस' ही व्यवस्था रचली. तीत जुनी आवृत्ती मागविण्याची आज्ञा होती 'गेट', म्हणजे साधे 'आण'. पुढे १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांच्या 'आरसीएस'मध्ये 'चेकआउट' आला. ग्रंथालयातून पुस्तक नोंदवून नेण्यासाठी इंग्रजीत हाच शब्द आहे, आणि येथील व्यवहारही तसाच होता. फेरफारासाठी फाइल नेणाऱ्याच्या नावे कुलूप लागे. त्याने ती परत जमा करेपर्यंत इतरांनी थांबावयाचे. नवीनतम आवृत्ती अखंड ठेवलेली असे. जुनी हवी असल्यास फरकांच्या नोंदी एकेक उलट लावीत मागे जावे लागे. आवृत्ती जितकी जुनी, तितकी वाट लांब.

अॅमस्टरडॅमचे डिक ग्रूने आपल्या दोन विद्यार्थ्यांसह एका कंपायलरवर काम करीत होते. तिघांच्या वेळा जुळेनात, म्हणून १९८६ मध्ये त्यांनी 'सीव्हीएस'चा पाया घातला. आता एकच फाइल अनेकांना एकाच वेळी बदलता येऊ लागली. कुलूप गेले, 'चेकआउट' राहिला.

२००५ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांच्या 'गिट'ने तर ग्रंथालयच घरोघरी नेले. संपूर्ण इतिहास प्रत्येकाच्या यंत्रात. कोणाकडून काही नेण्याचा प्रश्नच उरला नाही. तरीही शब्द टिकला, आणि त्याने दोन अर्थ धारण केले: सगळे काम जुन्या आवृत्तीवर नेऊन ठेवणे, आणि एखाद्याच फाइलचा जुना मजकूर परत आणणे. पहिल्या अर्थी, न नोंदवलेले बदल पुसले जाणार असतील तर गिट अडते. दुसऱ्या अर्थी ते विचारीतही नाही. दिवसभराचे लेखन क्षणात नाहीसे होते. दोन्ही आज्ञांत वरवर फरक काय, तर शेवटी आलेले फाइलचे नाव! आपणही हसू नये. 'पुस्तक काढले' आणि 'नाव काढले' यांतील 'काढणे' आपण संदर्भावरूनच ओळखतो. पण यंत्र माणसाच्या मनातील संदर्भ जाणत नाही.

जुन्या आवृत्तीवर उभे राहण्याच्या अवस्थेला गिट 'डिटॅच्ड हेड', म्हणजे सुटलेले शीर, म्हणते. नाव भयंकर असले तरी नुसते पाहण्यात धोका नाही. तेथे नवे काम नोंदवून, त्याला शाखेचे नाव न देता निघून गेल्यास मात्र ते निराधार राहते आणि कालांतराने पुसले जाऊ शकते.

ऑगस्ट २०१९ मध्ये गिटने हे दोन अर्थ अखेर वेगळे केले: जागा बदलण्यास 'स्विच', मजकूर परत आणण्यास 'रिस्टोर'. जुन्या आवृत्तीकडे जावयाचे तर 'स्विच'ला 'डिटॅच' असे स्पष्ट सांगावे लागते. 'चेकआउट' काढून टाकलेला नाही. सवयीचे लोक आजही तोच वापरतात.