पुसलेल्या चेंडूवरचा पहारा

माढा तालुक्यातल्या मोडनिंबसारख्या गावात क्रिकेट म्हणजे टेनिस बॉल. ओला झाला की तो जड होतो, बोटांतून निसटतो. मग बोलर तो शर्टाला पुसतो आणि रनअप घेतो. पंचाला विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

सीझन बॉलचं तसं नाही. आत बूच न् दोरा, वर कातडं, वजन १५६ ते १६३ ग्रॅम. त्याची एक बाजू खरखरीत होऊ द्यायची, दुसरी पँटला घासून चकचकीत राखायची. शिवण तिरकी धरून टाकला की दोन्ही बाजूंची हवा चेंडूला सारखी सोडत नाही, आणि चेंडू स्विंग होतो. साहजिकच पुसणारा हात संशयात सापडला.

जानेवारी १९७७, मद्रास कसोटी. घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून इंग्लंडच्या जॉन लिव्हरनं कपाळाला व्हॅसलीन लावलेली पट्टी बांधली होती. मुंबईचे पंच ज्युडा रूबेन यांच्या ती नजरेस आली. भारताचे कर्णधार बिशनसिंग बेदींनी जाहीर आक्षेप घेतला. चेंडू चमकवण्याचा हेतू इंग्लंडनं नाकारला.

पुढे पंचाच्या जोडीला कॅमेरा आला. नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला सचिन तेंडुलकर शिवणीत अडकलेलं काढताना टीव्हीवर दिसला. सामनाधिकारी माइक डेनिस यांनी एका कसोटीची स्थगित बंदी सुनावली. देशभर गदारोळ उठला. चेंडू कुरतडल्याचा ठपका नव्हता, पंचांना न सांगता तो साफ केला एवढाच दोष होता, हा आयसीसीचा खुलासा नंतर आला. २००४ मध्ये ब्रिस्बेनला राहुल द्रविडच्या तोंडातली गोळी चेंडूला लागली आणि निम्मं मानधन गेलं. २०१८ मध्ये केपटाउनला तर थेट सँडपेपर निघाला.

चेंडू चमकवायला थुंकी तेवढी चालत होती. जून २०२० मध्ये करोनानं तीही थांबवली, आणि ऑक्टोबर २०२२ पासून ती बंदी कायम झाली. २०२५ च्या आयपीएलमध्ये मात्र थुंकीला पुन्हा मुभा मिळाली.

आज घाम चालतो, ओला चेंडू टॉवेलनं कोरडा करता येतो; चिखल काढायचा तो पंचांच्या देखरेखीखाली. कृती तीच, शर्टाला पुसण्याची. पण चकाकीतून विकेट मिळते म्हटल्यावर तिला साक्षीदार लागला. मोडनिंबचा पोरगा सोलापुरात सीझन बॉलच्या सामन्याला उतरला, की इनस्विंग जमायच्या आधी त्याला एक सवय लावावी लागते: चेंडूला चिखल लागला, तर आधी पंचांना दाखवायचा.