हळदीघाटीची लढाई आणि मधुमेहाचा पाय

आजचा भाग हळदीवर आहे, पण स्वयंपाकातल्या नाही, जखमेवरच्या.

शिरूरला घोड नदी, दौंडला भीमा. दोन्हीकडे ऊस. उसात काम म्हणजे कोयता, पाचट, काटाकुटा आलाच. पाय कापला की हळद दाबायची, चिंधी बांधायची आणि पुन्हा कामाला लागायचं. हा उपाय इतका जुना आहे की त्याचा शोध कुणी लावला, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

अमेरिकेत मात्र ते आलं. 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळद’ या वापराचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून सीएसआयआरचे महासंचालक झाले होते. 1996 मध्ये सीएसआयआरने पेटंटला आव्हान दिलं. जुने ग्रंथ आणि लेख मिळून 32 संदर्भ सादर केले. त्यात 1953 चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. 1997 मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले. हीच ती गाजलेली ‘हळदीघाटीची लढाई’.

आता गंमत बघा. आजही लोक म्हणतात, ‘हळद जखम भरते हे अमेरिकेनेही मान्य केलं.’ तसं नाही झालं. तिथे प्रश्न होता, हे ज्ञान नवं आहे का? उत्तर आलं, नाही, जुनं आहे. हळद कुठल्या जखमेवर किती चालते, हा प्रश्न तिथे नव्हताच. आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत, एक टेस्ट पास झाली म्हणून दुसरी आपोआप पास होत नाही.

हा फरक मधुमेहात जिवावर बेततो. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा कमी होतो. चपलेतला खडा टोचतो, पण कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस निवांत असतो. वरून हळदीचा थर दिला की जखम दिसतही नाही, आणि आत संसर्ग हाडापर्यंत जातो. मग बोट जातं, कधी पाय जातो.

मग वनस्पतींचा उपयोगच नाही का? आहे ना! मिरची घ्या. पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली. तिच्यातलं कॅप्सेसिन ज्या ग्राहीवर काम करतं, तो डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्येच शोधला, म्हणजे हळदीचा निकाल लागला त्याच वर्षी. 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कॅप्सेसिनच्या 8 टक्के पट्टीला अमेरिकेत 2020 मध्ये मधुमेही पायांच्या नसांच्या दुखण्यासाठी मान्यता मिळाली. पण मोजलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीत, आणि फक्त अखंड त्वचेवर. घरी मिरची चोळायची नाही, बरं का.

हळदीने एक लढाई जिंकली, ती मालकीची. मिरचीने दुसरी जिंकली, ती उपचाराची. दोन्हींचा अभिमान बाळगू. पण घरात कुणाला मधुमेह असेल तर रोज रात्री त्यांचे तळवे उजेडात बघा. जखम दिसली तर स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापड बांधा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

भेटू पुढच्या भागात.