कुंपणापलीकडची धाव

मागच्या वर्षी पुण्यातल्या एका मित्राचा रात्री अकराला फोन आला. त्याने पाळलेली शॅमेलिऑन मादी तीन दिवस काही खात नव्हती. जाळीच्या पिंजऱ्यात वर चढायची, खाली उतरायची आणि तळाच्या प्लॅस्टिकवर नखं घासत बसायची. मी काही प्राण्यांचा डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण मी नगरचा, बांधावरचे सरडगुहिरे बघत वाढलेलो. त्याच्या लेखी एवढी पात्रता पुरेशी होती.

"पोट बघ," मी म्हणालो. दोन्ही कुशींना द्राक्षांसारखे उंचवटे दिसत होते. ती आजारी नव्हती. तिला माती हवी होती.

"अरे पण घरात नरच नाही!"

येमेन आणि सौदी अरेबियातल्या या जातीची मादी नराशिवायही अंडी धरते, कोंबडीसारखी. ती अंडी फळत नाहीत, पण घालावी तर लागतातच. खणायला जागा मिळाली नाही, तर मादी ती पोटात धरून ठेवते आणि त्यातच मरू शकते. आम्ही व्हिडिओ कॉलवर कामाला लागलो. एका बादलीत वाळू-मातीचं मिश्रण भरलं, चांगलं फूटभर खोल. बोगदा ढासळणार नाही एवढंच ओलं. मग पिंजऱ्यावर चादर टाकली, कारण कोणी बघतंय असं वाटलं की मादी खणणं सोडून देते. उद्यापर्यंत मलूल झाली तर थेट पशुवैद्याकडे, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मातीने माखलेली, पोट खपाटीला गेलेली, फांदीवर बसली होती. बादलीत बेचाळीस अंडी. मित्राने तिला भरपूर पाणी पाजलं, कॅल्शियमची पूड लावलेले किडे दिले, आणि मग स्वतः जेवला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. माणूस या प्राण्याकडे इतकी शतकं बघतोय, मग नेमकं काय बघत होता?

इसवीसनपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने शॅमेलिऑनचं बारकाईने वर्णन केलं. स्वतंत्र फिरणारे डोळे, रंग बदलणं, शरीर चिरल्यावरही बराच वेळ चालणारा श्वास. पुढे पहिल्या शतकात रोमचा प्लिनी लिहून गेला, की हा प्राणी अन्नपाण्याशिवाय नुसत्या हवेवर जगतो. ही हवेची गोष्ट पुढची दीड हजार वर्षं लोक एकमेकांना सांगत राहिले. १६६९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीतल्या क्लोद पेरोने एका शॅमेलिऑनच्या विच्छेदनाचा वृत्तान्त छापला. त्याने जिवंतपणी त्याला जिभेने माश्या पकडतानाही पाहिलं होतं.

त्याच शहरात १६७२ मध्ये कादंबरीकार मादलेन द स्क्युदेरी हिच्याकडे इजिप्तहून शॅमेलिऑन आले. तिने त्यांना चिरलं नाही, सांभाळलं. ते कधी कोणता रंग धरतात, उन्हात कसे वागतात हे टिपलं आणि १६८८ मध्ये त्यांच्यावर लेख छापला. प्राणी म्हणजे निव्वळ यंत्र, हे देकार्तचं म्हणणं तिला मान्य नव्हतं. शॅमेलिऑन पाळण्याच्या इतिहासात मला तीच सगळ्यात जवळची वाटते. सोबत राहून बघणारी.

तरीही कुतूहल फिरून फिरून रंगावरच येत राहिलं. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी दाखवलं, की त्वचेतल्या अतिसूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदललं की रंग बदलतो. संशोधन सुंदरच आहे. पण पिंजऱ्यात तळाशी नखं घासणाऱ्या मादीचा प्रश्न वेगळा होता. त्याचं उत्तर पाळणाऱ्यांना माद्या गमावून शिकावं लागलं. जास्त खायला घातलं आणि जास्त उष्ण ठेवलं की मादी जास्त अंडी धरते आणि लवकर थकते, हेही असंच कळलं. म्हणजे लाड करूनही जीव जातो.

आता आपल्या बांधाकडे या. भारतात शॅमेलिऑनची एकच जात, आपला सरडगुहिरा. १७६८ मध्ये व्हिएन्नाच्या लॉरेंटीने त्याला सिलोनवरून 'झेलॅनिकस' हे शास्त्रीय नाव दिलं. कोरडी झुडपं, बाभळी, निवडुंग हे त्याचं घर. विषारी म्हणून त्याला दगड बसतात. प्रत्यक्षात त्याच्यात विष नाही. आणि त्याला पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. परदेशी जात पाळत असाल, तर २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते.

आपली मादीही अंडी जमिनीतच घालते. एरवी ती झुडपातच असते. पण अंडी घालायच्या दिवसांत तिला खाली उतरावं लागतं, भुसभुशीत माती शोधत उघड्यावर चालावं लागतं. तीही तिच्या चालीने, एक पाऊल टाकायचं, झुलायचं, मग दुसरं. वाटेत डांबर आलं तरी वेग तोच. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' असं आपण ज्याला हिणवतो, त्याच्या मादीला कुंपण सोडल्याशिवाय वंश पुढे नेता येत नाही. आणि आता कुंपणंही तारांची झाली. बांध जेसीबीने कोरून इतके बारीक केलेत, की त्यात बोगदा मावायचा नाही.

दिवाळीत गावी गेलो होतो. कर्जतच्या रस्त्यावर नानांनी एकदम मोटारसायकल थांबवली. समोर एक फुगलेल्या पोटाची मादी रस्ता ओलांडत होती. मी फोन काढला. नाना म्हणाले, "फोटो राहू दे, काटकी बघ." त्यांनी काटकी तिच्या पायांपुढे धरली. ती सावकाश तिच्यावर चढली आणि नानांनी तिला ती जात होती त्याच बाजूच्या बांधावर सोडलं.

"पलीकडं कशाला?" मी विचारलं. "तिकडून तर आली ती."

"तिकडं जागा असती," नाना म्हणाले, "तर आली असती का?"