लाल तारखेची जन्मकथा

#थ्रेड #इतिहास

१/ नवे कॅलेंडर भिंतीवर लागले की बहुतेक घरांत आधी लाल तारखा पाहिल्या जातात. कोणता सण रविवारी येऊन ‘वाया’ गेला, कोणता सोमवारी आला, मध्ये एक रजा टाकली तर गावी सलग चार दिवस राहता येईल का, असा हिशेब मांडला जातो. या लाल तारखांमागे दोन वेगळे इतिहास आहेत. एक कर्जाच्या कागदांचा, दुसरा गिरणीतल्या माणसांचा. भारतात हे दोन्ही इतिहास १८८१ या एकाच वर्षी कायद्याच्या पुस्तकात शिरले.

२/ महाराष्ट्र शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढते. तिच्यात आधार म्हणून ज्या कायद्याचे नाव असते, त्याचा सणांशी वा विश्रांतीशी थेट संबंध नाही. तो आहे ‘परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१’ आणि त्याचे कलम २५. वचनचिठ्ठी, विनिमयपत्र आणि धनादेश यांचे नियम ठरवणारा हा कायदा. दिवाळीची सुट्टी धनादेशाच्या कायद्यातून का यावी, हे कळण्यासाठी व्यापाऱ्याची अडचण समजून घ्यावी लागते.

३/ एखाद्या वचनचिठ्ठीची मुदत नेमकी पेढ्या बंद असलेल्या दिवशी भरली, तर पैसे कधी द्यायचे? कलम २५ चे उत्तर असे: मुदतीचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल, तर त्याआधीच्या कामकाजाच्या दिवशी रक्कम देय समजावी. मग ‘सार्वजनिक सुट्टी’ कशाला म्हणायचे, हेही सांगणे भाग पडले. मूळ कलमात रविवार, नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे यांची नावे होती. बाकीचे दिवस स्थानिक सरकारने राजपत्रातून जाहीर करायचे होते. दिवाळी आणि ईद कायद्याच्या मजकुरात नव्हत्या. त्या अधिसूचनेच्या दाराने आल्या.

४/ ही कल्पना इंग्लंडात १० वर्षे आधी कायद्यात उतरली होती. बँक ऑफ इंग्लंड पूर्वी वर्षाला सुमारे ३३ धार्मिक सुट्ट्या पाळत असे. १८३४ मध्ये त्या ४ वर आणल्या गेल्या. १८७१ मध्ये सर जॉन लबक यांनी ‘बँक हॉलिडेज’ कायदा मंजूर करून घेतला आणि बँकांना आणखी काही सुट्ट्या मिळवून दिल्या. लबक बँकर होते, डार्विनचे शेजारी होते आणि इतिहासप्रेमींना ठाऊक असायला हवे असे आणखी काही होते: पुराश्मयुग आणि नवाश्मयुग ही विभागणी १८६५ मध्ये त्यांनीच रूढ केली. बँका बंद म्हणून कचेऱ्या बंद, कचेऱ्या बंद म्हणून माणसे मोकळी. लंडनकर त्या दिवशी रेल्वेने समुद्रकिनारी लोटू लागले. हिशेबाच्या सोयीतून सहल जन्मली.

५/ आता पुन्हा भारतात, १८८१ मध्ये. त्याच वर्षी पहिला कारखाना कायदाही झाला. त्याने ७ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज जास्तीत जास्त ९ तास काम आणि महिन्याला ४ सुट्ट्या ठरवून दिल्या. प्रौढ कामगारांसाठी मात्र साप्ताहिक सुट्टीचा शब्दही त्यात नव्हता. दोन कायदे शेजारी ठेवून वाचले तर विसंगती लख्ख दिसते. त्या वर्षी वचनचिठ्ठीला रविवारची सुट्टी मिळाली; मुंबईच्या गिरणीत मागावर उभ्या असलेल्या माणसाला ती मिळाली नाही.

६/ गिरण्यांचा दिवस सूर्यप्रकाशावर चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर कामही मोठे. सुट्टीच्या दिवशीही यंत्रे पुसायला काही तास यावे लागे. ठरलेल्या रविवारची मागणी झाली की मालक हिंदू सणांच्या सुट्ट्यांकडे बोट दाखवीत. पण सण काही आठवड्याच्या अंतराने येत नाहीत. श्रावण ते कार्तिक त्यांची दाटी असते, तर वर्षाच्या इतर भागांत एखाद्या महिन्यात सुट्टीचा सण शोधावा लागतो. शरीराला मात्र विश्रांती ठराविक अंतराने लागते.

७/ हा मुद्दा संघटितपणे मांडला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात पहिली मागणी रविवारी पूर्ण विश्रांतीची होती. दुपारी अर्धा तास सुट्टी, कामाच्या वेळेवर मर्यादा, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झालेल्यास मदत, या मागण्याही होत्या.

८/ पुढची ६ वर्षे पाठपुराव्यात गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली आणि तिच्यात दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या सुधारित कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे बळ दिले. रविवार हा ख्रिस्ती प्रार्थनेचा वार खरा; पण महाराष्ट्रात तो खंडोबाचाही वार आहे. त्यामुळे इथल्या कामगाराला तो परका वाटण्याचे कारण नव्हते.

९/ तरी रविवार एकच दिवस. मुंबईच्या गिरण्यांतला फार मोठा कामगारवर्ग रत्नागिरी जिल्ह्यातला होता आणि एका दिवसात कोकणात जाऊन येणे अशक्य होते. त्यामुळे चाकरमान्याचे वर्ष दोन खुंट्यांवर टांगलेले असे: शिमगा आणि गणपती. शिमगा मोकळ्या हवेच्या दिवसांत येई, तेव्हा बोटी सुरू असत. गणपती पावसाच्या शेपटीवर येई आणि समुद्राचा नेम नसे. रजा मालकाच्या हाती, प्रवास दर्याच्या हाती.

१०/ सगळ्यांना एकाच दिवशी घर गाठायचे असते, तेव्हा गर्दीची किंमत मोजावी लागते. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट खवळलेल्या समुद्रात उलटली. सणासाठी गावी निघालेले अनेक प्रवासी तिच्यावर होते. ६०० हून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य एका महिन्यावर आले होते.

११/ स्वतंत्र भारतापुढे आणखी एक पेच होता: सण नक्की कोणत्या दिवशी? देशात सुमारे ३० पंचांगपद्धती चालू होत्या आणि एकच सण निरनिराळ्या दिवशी येई. १९५२ मध्ये शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. त्याच वर्षी कलम २५ खाली सुट्टी जाहीर करण्याचा केंद्राचा अधिकार राज्यांकडेही सोपवला गेला. १९७३ मध्ये जयंत साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ निघाले. पंचांग, इंग्रजी तारीख आणि शासकीय सुट्टी ही तिन्ही एकाच पानावर आली आणि घरातल्या कोणालाही वर्षाचा बेत आखता येऊ लागला.

१२/ बेत आखणे तरीही सोपे नाही, कारण चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती पुन्हा पुढे, १४ सप्टेंबरला. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि दर्याचा अडथळा संपला. रांग मात्र आरक्षणाच्या खिडकीवर लागली. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. म्हणजे १२ सप्टेंबर २०२६ ला गाडीत बसायचे, तर आरक्षण उघडते १४ जुलैला. पंचांगाचे गणित आता मोबाइलवर होते, इतकाच फरक.

१३/ सार्वजनिक सुट्टी हा कोणाचा हक्क आहे का? दादरा-नगर हवेलीच्या २ ऑगस्टच्या मुक्तिदिनाच्या सुट्टीवरून हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले, की अमुक दिवस सार्वजनिक सुट्टी म्हणून मिळावा असा कायदेशीर हक्क कोणालाही नाही. तो शासनाच्या धोरणाचा भाग आहे. दुकाने व आस्थापनांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने कामगाराला वर्षाला ८ पगारी सुट्ट्या दिल्या आहेत. त्यांतल्या ४ ठरलेल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर.

१४/ आता २०२६ च्या गणपतीचे तीन दिवस पुन्हा पाहावेत. १२ सप्टेंबर हा दुसरा शनिवार: बँकांना ही सुट्टी सप्टेंबर २०१५ पासून आहे, राज्य शासनाच्या कचेऱ्यांना ५ दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून. १३ तारखेचा रविवार: त्यामागे १८८४ च्या ५,५०० सह्या आणि १० जून १८९० चा ठराव. १४ तारखेचा सोमवार: १८८१ च्या वचनचिठ्ठीच्या कायद्याखाली निघणारी अधिसूचना. सलग तीन दिवस, आणि तिघांची जन्मवर्षे वेगवेगळी.

१५/ त्या शनिवारी कोकणात निघालेल्या गाडीचा चालक कामावर असेल. एसटीचा वाहक, रुग्णालयातली परिचारिका आणि एक दिवस काम बुडाले तर त्या दिवसाची मजुरी गमावणारा नाक्यावरचा मजूरही कामावरच असेल. त्यांच्या कॅलेंडरवरही तीच तारीख लाल छापलेली असते. पगारासह विश्रांती कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हा लोखंड्यांच्या निवेदनातला प्रश्न त्यांच्यासाठी अजून मिटलेला नाही.