उल्हासनगर परिसरातील सिंधी भाषाशिक्षण

महाराष्ट्रातील ठाणे जिल्ह्यात, मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे एकापुढे एक वसली आहेत. त्यांपैकी उल्हासनगर हे भारतातील सिंधी भाषकांच्या प्रमुख वसाहतींपैकी एक होय. भारतात सिंधीला स्वतःचे राज्य नाही. त्यामुळे तिच्या उच्च शिक्षणाचा भार अशा वसाहतींतील महाविद्यालयांवर व थोड्या विद्यापीठांवर पडला. एवढी मोठी भाषकसंख्या एकत्र असूनही सिंधी हा अल्पसंख्य विद्यार्थ्यांचा विषय का राहिला, याची कारणे या भाषेच्या इतिहासात सापडतात.

सिंध प्रांत १८४७ ते १९३६ या काळात मुंबई इलाख्याचा भाग होता. सिंधीसाठी कोणती लिपी स्वीकारावी याविषयी इंग्रज अधिकाऱ्यांत मतभेद होते. कॅप्टन जॉर्ज स्टॅक याने आपले व्याकरण व कोश देवनागरीत सिद्ध केले, तर रिचर्ड बर्टन याने अरबी लिपीचा पुरस्कार केला. अखेर १८५३ मध्ये ५२ अक्षरांची अरबी-सिंधी वर्णमाला शासनमान्य झाली. पुढील शंभर वर्षांतील बहुतेक पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे व ललित साहित्य याच लिपीत छापले गेले. कराचीचे डी. जे. सिंध महाविद्यालय (स्थापना १८८७) मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. तेथील प्राध्यापक एच. एम. गुरबक्षाणी यांनी शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्याची चिकित्सक आवृत्ती १९२३ ते १९३१ या काळात काढली आणि सिंधीच्या विद्यापीठीय अभ्यासाला भक्कम पाया मिळाला.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची सोय कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत करण्यात आली. या छावण्यांच्या नगरास १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी शिक्षकांनी व शिक्षणसंस्थांनीही मुंबईत नव्याने सुरुवात केली. जयहिंद महाविद्यालय (१९४८), वांद्र्याचे नॅशनल महाविद्यालय (१९४९) व के. सी. महाविद्यालय (१९५४) ही त्याची उदाहरणे होत. पोपटी हिराणंदाणी यांच्यासारख्या लेखिकेने के. सी. महाविद्यालयात सिंधीचे अध्यापन केले. उल्हासनगरातील तलरेजा व चांदीबाई मनसुखाणी ही महाविद्यालये त्यांच्यामागून, १९६० नंतरच्या दशकात निघाली. निर्वासित समाजाला प्रथम उपजीविकेची साधने हवी होती. साहजिकच वाणिज्य व विज्ञान या शाखांकडे आणि इंग्रजी माध्यमाकडे ओढा राहिला. सिंधी समाजाने काढलेली महाविद्यालये वाढली, पण सिंधी भाषा त्यांत कला शाखेच्या एका ऐच्छिक विषयापुरती उरली.

याला लिपीवादाची जोड मिळाली. केंद्र शासनाने १९५० मध्ये सिंधीच्या शिक्षणासाठी देवनागरी लिपी ठरविली. मात्र तीव्र विरोधामुळे १९५१ मध्ये दोन्ही लिप्यांना मुभा दिली. जयरामदास दौलतराम हे देवनागरीचे प्रमुख पुरस्कर्ते होते. बहुसंख्य लेखक अरबी लिपीच्या बाजूचे होते. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. उल्हासनगरातील मूल शाळेत मराठी व हिंदी देवनागरीतच वाचते. अंबरनाथ व बदलापूर येथील भोवताल तर मुख्यतः मराठीच आहे. त्यामुळे देवनागरी सिंधी त्याला लवकर साधते. श्वास आत ओढून उच्चारावयाचे चार सिंधी वर्णही ग, ज, ड, ब या अक्षरांखाली रेघ देऊन लिहिता येतात. परंतु पदवीच्या पुढे जाणाऱ्यास १८५३ नंतरचे मूळ ग्रंथ वाचावयाचे असतात व ते अरबी लिपीत आहेत. म्हणजे जी लिपी भाषेचे दार उघडते, ती तिच्या ग्रंथभांडारापर्यंत पोहोचवीत नाही. दोन लिप्यांमुळे मुळात थोडे असलेले वाचक, शिक्षक व पाठ्यपुस्तके विभागली गेली.

मान्यतेच्या बाबतीत सिंधी मागे राहिली नाही. साहित्य अकादेमीने तिला १९५७ मध्ये मान्यता दिली. १० एप्रिल १९६७ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने तिचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ती दोन्ही लिप्यांत लिहिता येते. मुंबई विद्यापीठात सिंधीचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्याच्या पश्चिम विभागीय भाषा केंद्रात (१९७०) मराठी व गुजरातीबरोबर सिंधीही इतर भाषक शिक्षकांना शिकविण्याची योजना झाली. राष्ट्रीय सिंधी भाषा संवर्धन परिषद (१९९४) प्रमाणपत्र व पदविका वर्ग चालविते.

१९६७ ची मान्यता मात्र वर्गात विद्यार्थी आणू शकली नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात सिंधी भाषक २७,७२,२६४ होते. तथापि पालक इंग्रजी माध्यमाकडे वळल्याने सिंधी माध्यमाच्या शाळा ओस पडत गेल्या व महाविद्यालयात सिंधी घेऊन येणाऱ्यांचा ओघ आटला. भाषा घरात बोलली जाते, पण ती वाचता-लिहिता येणारा विद्यार्थी दुर्मिळ होतो. परिणामी पदवीच्या वर्गातच अक्षरओळखीपासून आरंभ करण्याची पाळी अध्यापकावर येऊ शकते. शालेय शिक्षणाचा आधार तुटला की केवळ विद्यापीठीय विभागाच्या बळावर भाषेचा अभ्यास टिकत नाही, हे उल्हासनगरच्या अनुभवावरून दिसून येते. दोन्ही लिप्या क्रमाने शिकविणारा अभ्यासक्रम आणि जुन्या ग्रंथांचे देवनागरी लिप्यंतर हे त्यावरील व्यवहार्य उपाय होत.