भिंतीतील स्पीकर-संच

घरातील श्रवणकक्षात स्पीकर सुट्या पेटीत जमिनीवर न ठेवता समोरच्या भिंतीच्या पातळीत बसवून केलेली ध्वनिरचना. हॉटेलात किंवा दिवाणखान्यात पार्श्वसंगीतासाठी छताला भोक पाडून बसवलेले स्पीकर बाह्यतः तसेच दिसतात, पण एकाग्र श्रवणासाठी आखलेला संच ही निराळी गोष्ट आहे. त्यात भिंत हा स्पीकरचाच भाग असतो. म्हणून भिंतीची आखणी आधी करावी लागते आणि स्पीकरची निवड नंतर. प्रत्यक्षात बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. महागडे स्पीकर पोकळ पार्टिशनमध्ये बसवले जातात आणि खर्च वाया जातो.

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये आजच्या स्पीकरचा मूळ नमुना मांडला. त्यातील थरथरणाऱ्या शंकूच्या पुढच्या व मागच्या बाजूने निघणाऱ्या लहरी एकमेकींच्या विरुद्ध असतात. त्या मिसळल्या की खर्ज नाहीसा होतो, म्हणून मध्ये आडपडदा लागतो. भिंतीएवढा मोठा आडपडदा दुसरा नाही. ध्वनिमुद्रण स्टुडिओंनी मुख्य मॉनिटर भिंतीत बसवण्याची पद्धत पुढे रूढ केली. घरगुती बाजारात असे स्पीकर १९८० च्या दशकात आले आणि कॅलिफोर्नियातील सोनान्स ही त्या क्षेत्रातील सुरुवातीची कंपनी.

ध्वनिशास्त्रीय फायदा : सुट्या स्पीकरमधील खालच्या पट्टीचा आवाज सर्व दिशांना पसरतो, तर वरच्या पट्टीचा मुख्यतः पुढे जातो. २० सेंमी रुंद पेटीत हा बदल ५०० ते ६०० हर्ट्‌झच्या सुमारास मध्यावर येतो आणि त्यामुळे पडणारा सुमारे ६ डेसिबलचा फरक क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे खर्जाचा वूफर व वरच्या पट्टीचा ट्वीटर यांत आवाज विभागणाऱ्या मंडलात, भरून काढावा लागतो. भिंतीतील स्पीकर सुरुवातीपासून अर्ध्याच अवकाशात आवाज टाकतो, त्यामुळे ही भरपाई लागत नाही. सुट्या स्पीकरसाठी बेतलेला क्रॉसओव्हर तसाच वापरला, तर खर्ज फुगतो. पेटीच्या कडांवर होणारे विवर्तनही टळते. आरसीए कंपनीतील हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पेटीचा आकार बदलला की आवाज किती बदलतो हे दाखवले होते. गोल सर्वांत चांगला, घन वाईट.

याहून मोठा लाभ स्पीकरमागच्या भिंतीचे परावर्तन टळण्याचा. स्पीकरचे तोंड भिंतीपासून १ मीटर पुढे असेल, तर भिंतीवरून परतणारी लहर २ मीटर जास्त चालते. ४ मीटर तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे ८६ हर्ट्‌झच्या स्वराला ती बरोबर उलट येऊन मिळते आणि तेथे खळगा पडतो. डग्ग्याचा घुमार याच पट्टीच्या आसपास असतो, त्यामुळे हा दोष तबला ऐकताना लगेच जाणवतो. स्पीकर भिंतीतच असला की हा खळगा मुळातच निर्माण होत नाही. बाजूच्या भिंती, जमीन व छत यांची परावर्तने मात्र राहतात. खोलीचे स्वतःचे घुमणेही राहते. ३.६ मीटर लांबीच्या खोलीत लांबीच्या दिशेचा पहिला अनुनाद ४८ हर्ट्‌झच्या जवळ येतो आणि भिंतीतील स्पीकर तो पुरेपूर चेतवतो. श्रोत्याची बैठक मागच्या भिंतीला टेकवू नये, हा नियम येथे दुप्पट महत्त्वाचा.

दिशा : सुटा स्पीकर श्रोत्याकडे वळवता येतो, भिंतीतला नाही. दोन स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण धरला, तर श्रोता प्रत्येक स्पीकरच्या अक्षापासून ३० अंश बाजूला बसतो. म्हणून येथे सरळ समोर मोजलेला आलेख फसवा ठरतो. ३० अंशांवरचा आलेख सपाट असणे ही पहिली अट. १६५ मिमीचा वूफर ३,००० हर्ट्‌झपर्यंत चालवला, तर तिथली तरंगलांबी शंकूपेक्षाही लहान होते आणि आवाज झोतासारखा अरुंद होतो. उपाय दोन : वूफर २,००० हर्ट्‌झच्या खालीच सोडून देणे आणि ट्वीटरला उथळ कर्णा देणे, किंवा मध्ये लहान मिडरेंज घालून तीन भाग करणे. दुसरा मार्ग खर्चिक असला तरी अधिक समाधानकारक आहे. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे १ मीटरवर, असावा.

मागची पेटी : अमेरिकेतील लाकडी सांगाड्याच्या भिंतीत दोन खांबांमधली पोकळी सुमारे ८९ मिमी खोल आणि ३६८ मिमी रुंद असते. पूर्ण उंची धरली तर ती ७८ लिटरच्या आसपास भरते, पण तिला फटी असतात, जिप्सम बोर्ड थरथरतो आणि आवाज शेजारच्या खोलीत जातो. चांगल्या संचात प्रत्येक स्पीकरला स्वतःची बंद पेटी असते. तिचे आकारमान नेव्हिल थील व रिचर्ड स्मॉल यांच्या गणिताने काढतात. समजा वूफरचा स्वतःचा अनुनाद ३५ हर्ट्‌झ, एकूण गुणांक (Qts) ०.४ आणि तुल्य आकारमान (Vas) ४० लिटर आहे. पेटीत बसल्यावर गुणांक ०.७ यावा असे धरले, तर सुमारे १९ लिटर जागा लागते आणि अनुनाद ६१ हर्ट्‌झवर चढतो. ९० मिमी खोलीत १९ लिटर बसवायचे म्हणजे आतून साधारण ३६ × ६० सेंमीची पेटी. खालचा खर्ज वेगळ्या सबवूफरकडे द्यावा. ८० हर्ट्‌झ ही त्यासाठी रूढ सीमा आहे. सबवूफरची जागा खोलीत ऐकून व मोजून ठरवता येते, हा त्याचा वेगळा फायदा.

भारतीय भिंती : आपल्याकडील विटांची भिंत ११५ किंवा २३० मिमी जाडीची असते. ११५ मिमीच्या भिंतीत ९० मिमी खोल खाच घेणे शक्यच नाही. नव्या टॉवरमध्ये पुष्कळदा भिंतीच काँक्रीटच्या असून इमारतीचा भार पेलतात, त्यांना हात लावू नये. म्हणून मूळ भिंतीपुढे १५ ते २० सेंमीची दुसरी भिंत उभी करणे हाच योग्य मार्ग. मुंबई-पुण्याच्या लहान खोल्यांत ही जागा गेल्याचे दुःख होते खरे, पण चांगल्या सुट्या स्पीकरला भिंतीपासून अर्धा-एक मीटर सोडावाच लागतो, हे विसरू नये. ही भिंत जिप्सम बोर्डच्या दोन थरांची करावी आणि थरांमध्ये कंपन शोषणारे लवचीक मिश्रण लावावे. पेटी व मूळ भिंत यांत रबर ठेवावे, नाहीतर खर्ज थेट शेजाऱ्याच्या घरात पोचतो. कोकणात व मुंबईत बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. तेथे एमडीएफ फुगतो, म्हणून मरीन प्लायची पेटी करावी आणि मागे हवा खेळू द्यावी.

जोडणी व देखभाल : स्पीकरची कड भिंतीच्या पातळीत यावी. १०,००० हर्ट्‌झची तरंगलांबी अवघी ३४ मिमी असल्याने काही मिमीची पायरीही ट्वीटरजवळ परिणाम करते. स्पीकरपुढच्या जाळीवर घरमालकाने किंवा रंगाऱ्याने भिंतीच्या रंगाचा हात फिरवला की छिद्रे बुजतात; रंग द्यायचाच तर जाळी काढून, पातळ फवाऱ्याने द्यावा. तारा पाइपातूनच न्याव्यात आणि पाइप कुठून गेला याचे छायाचित्र बोर्ड लावण्यापूर्वी काढून ठेवावे. वूफर, ट्वीटर आणि क्रॉसओव्हर हे तिन्ही पुढच्या बाजूने, भिंत न फोडता काढता आले पाहिजेत.