औंधचा तुरुंग आणि गावाचा पैसा

मराठवाड्यात तुरुंगाचा विषय काढला की जाणत्या माणसांना १९३८ साल आठवते, आणि ते योग्यच आहे. स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी रामानंद तीर्थांपासून खेड्यांतल्या विद्यार्थ्यांपर्यंत कितीतरी माणसे कोठडीत गेली. आपले हिमायतनगर, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचे वाढोणे, त्याच राज्यात होते. त्या आठवणी आपण जपल्या. पण त्याच हिवाळ्यात तिकडे माणदेशाच्या बाजूला एक निराळी गोष्ट घडत होती, तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. मला आज ती सांगावयाची आहे. माणसे कोंडून ठेवण्यासाठी सरकार जो पैसा खर्च करते तो वाचला, तर तो कोणाच्या हाती जावा, हा प्रश्न त्या गोष्टीत दडलेला आहे.

औंध हे ७२ गावांचे चिमुकले संस्थान. तेही सलग नव्हे. औंध, कुंडल, आटपाडी, गुणदाळ असे त्याचे विखुरलेले तुकडे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांच्या प्रचारामुळे आणि चित्रकलेच्या नादामुळे महाराष्ट्राला ठाऊक होते. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत बॅरिस्टर होऊन परतले होते. ह्या दोघांना एक तिसरा माणूस येऊन मिळाला. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधले ज्यू इंजिनिअर. कारखान्याच्या कामासाठी बंगळूरला आले आणि पुढे भगवी वस्त्रे घालून भारतानंद झाले. गांधीजींच्या सल्ल्याने ह्या मंडळींनी संस्थानाची घटना तयार केली आणि २१ जानेवारी १९३९ रोजी राजाने आपली सत्ता कायद्याने प्रजेच्या हाती दिली. हैदराबादच्या तुरुंगांत जबाबदार राज्यपद्धती मागणारे बसले होते, तेव्हा औंधचा राजा ती न मागता देत होता.

त्या घटनेचा पाया गावची पंचायत हा होता. गावाने पाच पंच निवडावयाचे, आणि कारभाराबरोबर न्यायाचे कामही गावाजवळ आणावयाचे. फिर्यादी, आरोपी आणि साक्षीदार ह्यांनी तालुक्याला खेटे घालण्यापेक्षा न्यायाधीशाने गावात यावे, अशी ती योजना. खोटी साक्ष कचेरीत जितकी सोपी जाते, तितकी चावडीवर शेजाऱ्यांच्या देखत जात नाही, हे खेड्यात राहिलेल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

ह्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. कल्पना फ्रीडमन यांची. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसे उघड्या माळावर शेती करू लागली. सभोवती भिंत नव्हती. ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. त्यांनी ह्या प्रयोगावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. चित्रपट सुंदरच आहे, पण त्याने आपली थोडी दिशाभूल केली असे मला वाटते. त्यात सारे काही एका जेलरच्या सज्जनपणावर उभे आहे. औंधच्या प्रयोगामागे मात्र एक घटना होती आणि आपले तंटे आपल्या डोळ्यांदेखत मिटताना पाहणारी गावे होती. जेलर बदलून जातो. गाव बदलून जात नाही.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. गावांचा कारभार नेहमीच्या चाकोरीत गेला. स्वतंत्रपूर मात्र राहिले. ते आजही महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे आहे आणि तेथे कैदी बायकामुलांसह राहतात. म्हणजे माणसाला वागवण्याची पद्धत सरकारने स्वीकारली आणि गावाच्या हाती कारभार देण्याची पद्धत सोडून दिली. ही निवड मुद्दाम कोणी केली असे नाही, पण तिचा परिणाम पुढे दिसत राहिला.

कायदे पुष्कळ झाले. जन्मानेच माणसाला गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ साली गेला. पहिल्या, लहान गुन्ह्यासाठी माणसाला देखरेखीखाली मोकळे ठेवण्याचा कायदा १९५८ साली आला. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा म्हणून आली. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच करून माल परत देणाऱ्याला ती देता येते. आणि तरीही २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण खटला चालू असलेले कच्चे कैदी होते. चारांत तीन! त्यांना अजून कोणी दोषी ठरवलेले नाही. आपल्या तालुक्यातला असा एखादा माणूस आत गेला की सरकारला त्याचे जेवण, पहारा आणि तारखेला ने-आण करणारे पोलीस पडतात. घरच्यांना पेरणीचा हंगाम आणि वकिलाची फी पडते. दोन्ही खर्चांतून गावाची सुरक्षितता किती वाढली, हे कोणी मोजत नाही.

अमेरिकेत टेक्सास राज्याने २००७ साली हा हिशोब मांडला. नवे तुरुंग बांधावे लागणार असे अंदाज होते. विधिमंडळाने त्याऐवजी सुमारे २४ कोटी डॉलर व्यसनमुक्ती, उपचार आणि देखरेखीवर घातले. टीकाकारांनी एक रास्त आक्षेप घेतला, की पैसा एका सरकारी खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला. ज्या वस्त्यांतून कैदी येतात त्यांच्या हाती फार थोडा आला. आणखी एक अडचण आहे. एक कैदी कमी झाल्याने फक्त त्याची भाकरी वाचते. पहारेकऱ्याचा पगार आणि इमारतीचा खर्च वाचावयाचा तर अख्खी बराक बंद व्हावी लागते.

गावाच्या हाती थेट पैसा देण्याचा प्रयत्न आपल्याकडे झाला आहे, हे आपण विसरतो. १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावाने तंटे मिटवावेत आणि सरकारने लोकसंख्येच्या प्रमाणात बक्षीस द्यावे, अशी ती योजना. आरंभीचा उत्साह पुढे ओसरला. माझ्या मते तिच्यात एक धोका पहिल्यापासून होता. बक्षिसासाठी तंटा मिटवावयाचा म्हटले की माघार घेण्याचा आग्रह दुबळ्या बाजूला होतो. बांध कोरणारा आणि ज्याचा बांध कोरला तो, ह्यांत गप्प बसवणे कोणाला सोपे? मारहाण झालेल्या सुनेला "घरची गोष्ट घरात" असे सांगणारे पंच आपण सर्वांनी पाहिलेले आहेत.

औंधमध्ये पंचांच्या शेजारी कायदा जाणणारा न्यायाधीश बसवण्याचा विचार होता, तो ह्यासाठी मला महत्त्वाचा वाटतो. २ ऑक्टोबर २००९ रोजी अमलात आलेल्या ग्रामन्यायालय कायद्यात न्यायाधीशाने गावोगाव जाऊन खटले चालवावेत अशी तरतूद आहेच. सत्तर वर्षांपूर्वी आटपाडी-औंधात जे ठरले, ते कायद्याच्या पुस्तकात पुन्हा आले. तो न्यायाधीश आपल्या चावडीवर केव्हा येतो, आणि त्याच्या येण्याने तुरुंगाचा जो पैसा वाचेल त्यातला किती आपल्या ग्रामपंचायतीच्या वहीत जमा होतो, हे विचारण्याचा अधिकार आपल्या ग्रामसभेला आहे.